लाटणं आणि ले-शाफ्ट

आमच्या साडूंच्या दारात उभी असलेली १९७० सालची स्टँडर्ड हेराल्ड ही स्पोर्ट्स कार आहे, असं जगात फक्त आमचे साडू मानतात. त्यांचा युक्तिवाद मात्र ऐकून घ्यावा, कारण त्यात चक्क तथ्य आहे. इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली हेराल्ड काढली. तिचा आकार मिकेलॉत्ती नावाच्या इटालियन माणसाचा. पुढे तिचीच चॅसी आखूड करून त्याच मिकेलॉत्तीने तिच्यावर दोन माणसांची, उघड्या टपाची बॉडी चढवली आणि १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार बाजारात आली. ती १९८० पर्यंत निघत होती. "म्हणजे स्पिटफायर आमच्या गाडीची धाकटी बहीण झाली की नाही?" साडू विचारतात. नात्याच्या हिशेबाने बरोबर आहे. आमच्या मेव्हणीचं म्हणणं एवढंच, की स्पोर्ट्स कारमध्ये बसलं की वारा लागतो. या गाडीत फक्त पेट्रोलचा वास लागतो.

आपल्याकडे ही गाडी १९६१पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स बनवू लागली. त्या काळी मोटार घ्यायची तर पर्याय तीनच: अँबॅसडर, फियाट आणि हेराल्ड. त्यातही आधी नंबर लावायचा आणि मग थांबायचं. पहिल्या दोघींचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे, त्यामुळे पुढच्या सीटवर तिघं आणि कुणाच्या तरी मांडीवर चौथं, असा संसार आरामात मावे. हेराल्डचा गिअर जमिनीवर, दोन सीटांच्या मधे, बोटभर लांबीच्या ऐटबाज दांड्याचा. साडूंच्या वडिलांनी ही गाडी घेतली ती या दांड्यापायी. मधे कुणाला बसता येऊ नये हा त्यातला छुपा हेतू होता, असं साडूंच्या आत्या अजूनही सांगतात. मधे बसायचा मान त्यांचा होता.

गेल्या पावसाळ्यात या दांड्याने काम सोडलं. दुसऱ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की 'खट्' करून गाडी न्यूट्रल. याला गॅरेजच्या भाषेत 'गिअर सटकतो' म्हणतात. उपाय एकच, दांडा हाताने दाबून धरायचा. पण स्वारगेटच्या चौकात एक हात स्टिअरिंगला आणि दुसरा हॉर्नला लागतो, तिसरा आणायचा कुठून? तेव्हा मेव्हणीने डाव्या सीटवरून दांडा दाबून धरायचा आणि साडूंनी "सोड" म्हटलं की सोडायचा, अशी व्यवस्था झाली. मुकुंदनगरपासून सारसबागेपर्यंत लोकांना दिसायचं ते असं, की साठीला आलेलं जोडपं हातावर हात ठेवून मोटारीतून फिरतंय. सोसायटीतल्या दोन सुनांनी आपापल्या नवऱ्यांना यावरून बोलूनही घेतलं म्हणे. "सोड" हा शब्द मात्र काच वर असल्यामुळे कुणाला ऐकू जात नव्हता.

इथे थोडं यंत्र सांगणं भाग आहे. कंटाळा येणार असेल त्यांनी तेवढ्यात चहा टाकून यावं.

इंजिनकडून फिरत येणाऱ्या गिअरचा वेग वेगळा, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा वेगळा. दोघांची गाठ घालायची. सुरुवातीच्या मोटारींत ती दातावर दात आपटूनच घालत. १८९०च्या दशकात पॅरिसच्या लेव्हासोरने असे सरकते गिअर बसवले, तेव्हा 'रानटी आहे, पण चालतं' असं तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन या माणसाच्या कल्पनेतून सिंक्रोमेश आणलं. त्यात पितळी रिंग असते. ती गिअरच्या निमुळत्या भागावर घासते, दोघांचे वेग सारखे करते आणि मग दात आवाज न करता एकमेकांत शिरतात. लग्न जमवणारा मध्यस्थ हेच करतो. दोन्ही घरी चकरा मारायच्या, एकाला थोडं खाली आणायचं, दुसऱ्याला थोडं वर चढवायचं, आणि आपलं आपणच जमलं असं दोघांनाही वाटू द्यायचं. झिजतो तो मध्यस्थ. हेराल्डच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला असे मध्यस्थ दिलेले आहेत. पहिल्याला नाही. पहिल्याने पळून जाऊन लग्न केलंय, आणि ते दर वेळी साऱ्या चौकाला ऐकू जातं.

शंकरशेठ रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत साडूंचे मिस्त्री आहेत. बोलणं फार कमी. हेराल्डचा गिअरबॉक्स खाली झोपून काढायचा नसतो. पुढच्या सीटा काढायच्या, मधलं बोगद्यासारखं झाकण उचलायचं, मागचा जॉइंट सोडायचा, क्लच-हाउसिंगचे बोल्ट काढायचे आणि बॉक्स गाडीच्या आतच मागे ओढून दारातून बाहेर घ्यायचा. इंजिन जागेवरच राहतं. ही सोय ज्याने केली त्याला मिस्त्रींनी मनातल्या मनात नमस्कार केला असावा, कारण गल्लीत पाण्याची तळी साचली होती.

मात्र तो देखावा पाहणाऱ्याचा गोंधळ होई. गाडीची दोन्ही दारं उघडी, आत सीट नाही, तरी दोन माणसं उकिडवी बसलेली, बाहेर दोघं वाकून उभी. एसटी स्टँडकडे निघालेला एक गृहस्थ बॅग घेऊन थांबला आणि त्याने विचारलं, "साताऱ्याचे किती घेता?" साडू ताडकन म्हणाले, "अहो, गिअरबॉक्स काढतोय!" गृहस्थ म्हणाला, "मग किती वेळाने सुटणार?" स्वारगेटला उघड्या दाराची कुठलीही गाडी साताऱ्याला जाते, हा त्याचा अनुभव असणार. त्याला दोष देता येत नाही.

बॉक्स बाहेर आला आणि खरा कार्यक्रम सुरू झाला. पुणं हे गाड्या बनवणारं शहर. इथे टेल्को आहे, बजाज आहे, मुंढव्याला भारत फोर्ज आहे, गाड्या तपासणारी एआरएआय आहे. ज्यांच्या घरात टेल्कोतून निवृत्त झालेला एकही माणूस नाही असं कुटुंब शोधायला शहराबाहेर जावं लागेल. परिणाम असा, की पुण्यात गिअरबॉक्स उघडला की त्यावर परिसंवाद होतोच, फक्त अध्यक्ष नेमायचा राहतो. त्या गल्लीत पहिल्या तासाभरात तीन तज्ज्ञ जमले. एक, सीओईपीतून शिकलेले आणि पुढे भोसरीत गिअर कापण्यात हयात घालवलेले काका. दोन, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. तीन, एक रिक्षावाला, ज्याचं या गाडीशी काही देणंघेणं नव्हतं, पण रिक्षा तिच्यामुळे अडकली होती.

मिस्त्रींनी खालचा बोल्ट काढून ऑइल पत्र्याच्या डब्यात सोडलं. नव्वद नंबरचं ऑइल एरवी मधासारख्या रंगाचं असतं. हे काळं होतं आणि त्यात बारीक पिवळी चमकी तरंगत होती. काकांनी त्यात बोट बुडवून उन्हात धरलं. "पितळ," ते म्हणाले. "सिंक्रो गेले." मास्तरांनी वास घेतला. "ऑइल बदललंच नाही कधी." रिक्षावाला म्हणाला, "गाडी काढता का जरा?"

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी वरचं झाकण उघडलं, तळातला आडवा दांडा, म्हणजे ले-शाफ्ट, ठोकून बाहेर काढला आणि त्याच्याबरोबर दोन्ही टोकांच्या बेअरिंगमधल्या सुया सांडल्या. त्या शब्दशः सुया असतात, बारीक, गोल, अर्ध्या बोटाएवढ्या. काही डब्यात पडल्या, काही साडूंच्या चपलेत. शाफ्टच्या गुळगुळीत अंगावर जिथे या सुया फिरतात, तिथे नख अडकेल अशी खाच पडली होती. मग मिस्त्रींनी दुसऱ्या गिअरची पितळी रिंग उचलली, गिअरच्या निमुळत्या भागावर बसवली आणि अंगठ्याने दाबली. चांगली रिंग असेल तर तिच्या दातांत आणि गिअरच्या दातांत फट राहते, आणि त्या फटीत फीलर गेजची पट्टी घालून रिंगचं उरलेलं आयुष्य मोजतात. इथे पट्टी शिरेचना. रिंग थेट गिअरला टेकली होती. आतल्या बाजूला ऑइल कापायला बारीक आटे असतात, ते जाऊन नुसतं आरशासारखं पितळ उरलं होतं.

मला त्यात सगळ्यात बोलका वाटला तो चौथा गिअर. टॉपमध्ये गाडी असताना इंजिनचा जोर सरळ पुढून मागे जातो, ले-शाफ्टवर भार येत नाही. तेव्हा टॉप कमी झिजावा हे शास्त्राप्रमाणेच. पण हा नुसता कमी झिजलेला नव्हता, कोरा होता. पंचावन्न वर्षांत या गाडीला टॉप मारायची संधी किती वेळा मिळाली, याचं हे लेखी उत्तर होतं. पहिल्या-दुसऱ्याचे दात मात्र स्वारगेटने खाल्ले होते. देशात बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेचा, पहिला प्रयोग झाला तो २००६ साली कात्रज ते स्वारगेट आणि पुढे हडपसर या रस्त्यावर. मग स्वारगेटच्या जेधे चौकात उड्डाणपूल आला. मग मेट्रोचे पत्रे लागले आणि २०२४च्या सप्टेंबरात जमिनीखालून गाडी धावायला लागली. खाली मेट्रो, वर पूल, मधे साडू पहिल्या गिअरमध्ये. वाहतूक सुधारण्याच्या प्रत्येक योजनेची नोंद त्या दातांवर झाली होती. महापालिकेला अहवाल हवा असेल तर साडू दाखवायला तयार आहेत.

मग सामान शोधणं आलं. नाना पेठेत गाडीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. पहिल्या दुकानात तरुण मालकाने "हेराल्ड" हे नाव ऐकून मोबाइलमध्ये काहीतरी पाहिलं आणि विचारलं, "बाईक आहे का?" दुसऱ्या दुकानात त्याने आतल्या खोलीतल्या वडिलांना हाक मारली. वडील बाहेर आले, नुसतं नाव ऐकून हसले, खुर्ची दिली, पाणी दिलं, स्वतःच्या मामांकडे हेराल्ड होती ती कशी २५ फुटांत वळायची ते सांगितलं, आणि सामान नाही म्हणाले. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथेही साडू जाऊन आले. तिथे त्यांना एक पितळी अडकित्ता, एक टेलिफोनचा रिसीव्हर आणि हेराल्डची मागची लाइट मिळाली. लाइटची गरज नव्हती. पण मिळाली म्हटल्यावर सोडवत नाही, हा त्या बाजाराचा स्थायीभाव आहे.

शेवटी सामान आलं ते इंग्लंडहून. मद्रासला बनलेल्या गाडीचे भाग मद्रासला मिळत नाहीत, पण इंग्लंडात स्पिटफायरवाले अजून इतके आहेत, की तिथे रिंगा, सुया, ले-शाफ्ट नवे करकरीत बनतात. दोन्ही गाड्यांच्या गिअरबॉक्सचं घराणं एकच, त्यामुळे बरंच सामान परस्परांना चालतं. कस्टम ड्युटी भरताना साडूंचा चेहरा पडला होता. पण खोका हातात आल्यावर त्यांनी आधी त्यावरचं लेबल वाचलं. त्यावर छापलं होतं, 'ट्रायम्फ स्पिटफायर'. आतल्या सामानाला त्या दिवशी त्यांनी हातही लावला नाही. लेबल कात्रीने कापून घेतलं आणि मेव्हणीसमोर ठेवलं. आता ते दिवाणखान्यात काचेखाली आहे, तिच्या पीएचडीच्या प्रमाणपत्राशेजारी.

जोडणीच्या वेळी अडचण आली ती सुयांची. ले-शाफ्ट घालण्याआधी त्या सगळ्या क्लस्टर गिअरच्या, म्हणजे ले-शाफ्टवर फिरणाऱ्या गिअरांच्या जुडग्याच्या, भोकात कडेने उभ्या राहायला हव्यात. त्या ग्रीसमध्ये चिकटवायच्या, मधे शाफ्टच्याच जाडीचा पण आखूड असा खोटा दांडा घालायचा, सगळं बॉक्समध्ये ठेवायचं, आणि खरा शाफ्ट एका बाजूने सरकवत खोटा दुसऱ्या बाजूने बाहेर ढकलायचा. दोघांमध्ये फट पडली की सुई आडवी होते आणि पुन्हा पहिल्यापासून. हा खोटा दांडा अचूक मापाचा लागतो. काकांनी भोसरीला स्टीलचा करून घ्यावा, चार दिवस लागतील, असं सुचवलं. मिस्त्री म्हणाले, "लाकडाचाही चालतो. लाकूड मात्र जुनं पाहिजे, वाकलेलं नको."

साडू घरी गेले आणि लाटणं घेऊन आले.

शिसवी होतं. शेजारच्या टर्नरने ते लेथवर चढवलं, दोन्ही टोकं उडवली आणि कॅलिपर लावत मापात आणलं. गल्लीभर लाकडाचा छान वास सुटला. पुढचं काम बघण्यासारखं होतं. मिस्त्रींनी एकेक सुई ग्रीसच्या बोटाने उचलून कडेला लावली. त्या वेळी गल्लीत कुणी बोलत नव्हतं, काकासुद्धा. शेवटची सुई बसायला जागा उरली नाही असं वाटतं, आणि ती बसते. तशी ती बसली. मग शाफ्ट टोकाला टेकवून लाकडी हातोडीने हळू ठोके. एका बाजूने पोलाद आत जातंय, दुसऱ्या बाजूने लाटणं बाहेर येतंय. लाटणं टपकन मिस्त्रींच्या मांडीवर पडलं तेव्हा मास्तर म्हणाले, "झालं पोळपाटाचं काम." मेव्हणीला त्या रात्री पोळ्या करताना कळलं. ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण सिंक्रो नसलेल्या गिअरचा आवाज मी आधी वर्णन केलेला आहे.

गाडी तयार झाल्यावर मास्तरांनी साडूंना शेजारी बसवून शिकवणी घेतली. पहिल्या गिअरला मध्यस्थ नाही तो नाहीच, नवे भाग घालूनही नाही. चालत्या गाडीत दुसऱ्यातून पहिल्यात यायचं तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्या, परत क्लच दाबा आणि मग टाका. डबल क्लच. जुन्या एसटीला प्रत्येक गिअरला हेच करावं लागे आणि मास्तरांनी ते खंबाटकी घाटात बोलता बोलता, कंडक्टरशी वाद घालता घालता केलेलं आहे. उभ्या गाडीसाठी त्यांनी वेगळी युक्ती दिली: "आधी दुसऱ्याला हात लावायचा. तो आतलं फिरणं थांबवतो. मग पहिल्यात टाकायचा. बिलकूल आवाज नाही." साडूंनी केलं. बिलकूल आवाज आला नाही. मास्तरांनी साडूंच्या पाठीवर थाप मारली.

मग तेच थोडे गप्प झाले. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि १ जून २०२२ला त्याच मार्गावर विजेवर चालणारी 'शिवाई' सोडली. त्या बसमध्ये गिअर बदलायचेच नाहीत. मास्तर एकदा तिच्यात पुढच्या सीटवर बसून गेले होते. "ड्रायव्हरचा डावा हात रिकामा," ते म्हणाले. "काय करतो माहितीय? काही नाही. मांडीवर ठेवतो."

आता साडूंपुढे एक नवा मोह आहे. केंद्राने २०२१ साली नियम काढला, त्यानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते आणि नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं मिळतात. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको अशी अट आहे. लाटण्याने जोडलेल्या गिअरबॉक्सबद्दल नियम काही म्हणत नाही. पण व्हिंटेज झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. साडूंनी अर्ज भरून ठेवला, फाडला, परत भरला आणि शेवटी कपाटात ठेवला. "मार्केट यार्डात भाजी आणायला मग काय घेऊन जाऊ?" असं ते म्हणतात. खरं कारण असं, की मास्तरांकडून शिकलेला डबल क्लच दाखवायला चौकच लागतो.

तेव्हा वाचकांना एक विनंती. जेधे चौकात सिग्नल हिरवा झाला, समोर गर्द लाल रंगाची जुनी हेराल्ड उभी आहे आणि ती हलत नाही असं दिसलं, तर कृपा करून मागून हॉर्न वाजवू नका. गाडी बंद पडलेली नाही. साडू आधी दुसऱ्याला हात लावताहेत, मग पहिल्यात टाकतील. दोन सेकंद लागतात.

आणि साताऱ्याचे किती, असं विचारू नका.